नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, वायरलेस (बेळगाव सीमाभागातील संगीतश्रवणाच्या संदर्भात)

बाहेरचा गोंगाट मायक्रोफोनने टिपून त्याच्या विरुद्ध कलेची (फेजची, म्हणजे उलट्या चढउताराची) ध्वनिलहर कानाशी निर्माण करणारा आणि ब्लूटूथवरून संगीत ऐकवणारा हेडफोन. पूर्ण कान झाकणारा आणि कानात बसणारा हे त्याचे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला मराठी श्रोता ख्याल आणि नाट्यगीत, अभंग आणि दासरपदे (कन्नड हरिदासांची भक्तिपदे) सारख्याच ओढीने ऐकतो. निवडीचा विचार येथे त्या संगीताच्या अंगाने केला आहे.

इतिहास : आवाजाने आवाज मारण्याच्या कल्पनेचे श्रेय बहुधा पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला दिले जाते. त्याने जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकी पेटंट त्याला जून १९३६ मध्ये मिळाले. नळीतून जाणारा ध्वनी मायक्रोफोनने पकडायचा आणि पुढे बसवलेल्या ध्वनिवर्धकातून त्याची उलटी लहर सोडायची, अशी त्याची मांडणी होती. याआधी, सुमारे १९३० ते १९३२ या काळात, रुमानियन अभियंता आंरी क्वांडा याने फ्रान्समध्ये अशाच आशयाचे पेटंट घेतले होते व त्यामुळे काही लेखक अग्रमान त्याला देतात. मात्र त्याची रचना वर्णनाप्रमाणे चालण्याजोगी नव्हती, असे या विषयाच्या इतिहासकारांचे मत आहे. कालक्रम क्वांडाच्या बाजूने असला तरी चालणाऱ्या तत्त्वाचा आरंभ ल्यूगपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. त्याच्या काळात पुरेशी जलद इलेक्ट्रॉनिकी उपलब्ध नव्हती, म्हणून कल्पना कागदावरच राहिली. हॅरी ओल्सन व एव्हरेट मे यांनी १९५३ मध्ये श्रोत्याच्या डोक्याजवळचा आवाज घटवणारे साधन मांडले. आजच्या हेडफोनच्या आतल्या मायक्रोफोनची वंशावळ येथून लावता येते. त्याच दशकात लॉरेन्स फोगेल याची वैमानिकांसाठीची पेटंटे आली.

बाजारातल्या पहिल्या हेडफोनबद्दलही दोन पक्ष आहेत. जर्मनीच्या सेनहायझरने लुफ्तान्साच्या वैमानिकांसाठी १९८७ च्या सुमारास आपला संच तयार केला. बोस कंपनीचा वैमानिकांचा संच १९८९ मध्ये विक्रीला आला. अमर बोस यांना १९७८ च्या विमानप्रवासात ही कल्पना सुचल्याची हकिकत फार प्रसिद्ध आहे आणि त्यामुळे सेनहायझरचे काम झाकोळले जाते. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याची पद्धत २००३ च्या सुमारास ठरली. दोन्ही धारा नंतर एकत्र आल्या.

तत्त्व : उलटी लहर मूळ लहरीशी अचूक जुळावी लागते. वीस डेसिबेल घट हवी असेल तर कलेतली चूक सुमारे ६ अंशांच्या आत राहिली पाहिजे. चूक एका कंपनाच्या सहाव्या भागाइतकी झाली की घट शून्य होते. त्याहून वाढली तर गोंगाट उलट वाढतो. हा सहावा भाग ७५ हर्ट्‌झला २.२ मिलिसेकंद असतो, तर १,००० हर्ट्‌झला जेमतेम ०.१७ मिलिसेकंद. म्हणून हे तंत्र खर्जाच्या घरघरीवर उत्तम चालते. बोलण्याचा, कुकरच्या शिटीचा, हॉर्नचा आवाज मुख्यतः कानावरची गादीच अडवते.

सीमाभागातल्या श्रोत्याला याचा लाभ प्रवासात सर्वाधिक होतो. निपाणीवरून कोल्हापूरला जाणारी किंवा चोर्ला घाटातून गोव्याला उतरणारी बस घ्या. सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत असले की त्याची मुख्य घुमघुम ७५ हर्ट्‌झच्या आसपास असते. काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) स्वरात लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्‌झवर बोलते. म्हणजे बस नेमका खर्जच गिळते, आणि हेडफोन नेमका तोच मोकळा करू शकतो. मिरज–लोंढा मार्गावरच्या रेल्वेतही मंद, सतत घरघरीवर तो चांगले काम करतो. वडगाव, शहापूर, खासबाग येथील यंत्रमागांचा खडखडाट मात्र तुटक आणि उंच कंप्रतांचा (सेकंदाला अधिक कंपनांचा) असतो. तेथे कामगारांसाठीचे कर्णरक्षकच वापरावेत.

निवड : हेडफोनच्या आतला, कानाजवळचा मायक्रोफोन गाणेही ऐकत असतो. त्यातून गाणे वजा करण्याचे गणित नीट बसवलेले नसेल, तर गोंगाटनाश सुरू करताच खर्ज फुगतो किंवा बारीक होतो आणि बायाची (तबल्याच्या डाव्या अंगाची) घुमक बदलते. दुकानात पारख करताना जाहिरातीतले डेसिबेल बाजूला ठेवावेत. ओळखीचा विलंबित ख्याल लावून, तंबोरा एकटा वाजत असताना गोंगाटनाश चालू-बंद करून पाहावा. खर्जाचे वजन व जवारीची (तार घोडीला घासून उठणारी) झणक दोन्ही वेळा सारखी राहिली, तर तो हेडफोन घेण्याजोगा. बहुतेक हेडफोनांचा मूळचा ध्वनी ढोल-ताशाच्या अंगाने, बेस वाढवून लावलेला असतो. ॲपमधून तो उतरवता येतो का, हेही पाहावे.

ब्लूटूथच्या कोडेकला (संगीत आटवून पाठवण्याच्या पद्धतीला) मिळणारे महत्त्व अवाजवी वाटते. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट असतो, सर्वत्र चालणाऱ्या एसबीसी या कोडेकचा ३२८ पर्यंत, एलडॅक या कोडेकचा ९९० पर्यंत. तोही फोन व हेडफोन दोघांत असेल तरच. सुळेभावी येथे १९२४ मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या बालवयातील तबकड्या ऐकणाऱ्याला या फरकाचा उपयोग नाही, कारण त्या मुद्रणांत उंच कंप्रता मुळातच थोड्या आहेत. वायर जोडायची सोय असणे अधिक कामाचे.

गादी कानाभोवती घट्ट बसली नाही तर खर्जाचा गोंगाट फटीतून आत येतो. चष्म्याची जाड काडी, कुड्या, भिकबाळी यांनी ही फट पडते; डोक्यावर टोपी वा पदर असेल तर कानात बसणारा प्रकार सोयीचा.

वापर : रियाजाला हा हेडफोन अयोग्य. कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर पारखता येत नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी ब्लूटूथवर वाजवू नये: विलंब २०० मिलिसेकंदांपर्यंत जाऊ शकतो आणि मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांचीच असते.

गोंगाट गेल्यावर आवाज खाली आणणे हा याचा खरा आरोग्यलाभ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबेलला आठवड्यात ४० तास आहे. ३ डेसिबेल वाढले की तास निम्मे होतात. दुचाकीवर आणि रूळ ओलांडताना हेडफोन काढून ठेवावा. खानापूर, कणकुंबीच्या पावसाळी दमटपणात गाद्यांचे कृत्रिम चामडे सोलवटते. वापरानंतर त्या पुसून, वाळवून मगच डबीत ठेवाव्यात. गाद्या सुट्या मिळणारे मॉडेल या तालुक्यात घेणे शहाणपणाचे.