ग्रॅमभर सोन्याची मीटरभर तार

नेदरलँड्सच्या नैर्ऋत्येला, समुद्राच्या फाट्यांमध्ये विखुरलेल्या बेटांचा झीलंड नावाचा प्रांत आहे. तिथल्या शेतकऱ्यांचा जुना पोशाख आता बहुतेक संग्रहालयात गेला, पण त्यावरचं बटण मात्र अजून सोनाराच्या दुकानात मिळतं. ‘झेउसे क्नोप’, म्हणजे झीलंडचं बटण. घुमटासारखा आकार, मधोमध एक टपोरा रवा, भोवती लहान रव्यांची कडी आणि उरलेल्या जागेत तारेची वेटोळी. पुरुष सदऱ्याच्या गळ्याशी ते सोन्याचं लावत. विजारीला चांदीचं, चांगलं मोठं. बायकांच्या गळ्यात पोवळ्यांचे किंवा गार्नेट या लाल खड्याचे पदर असत आणि ते अडकवायला याच तारकामाचा सोन्याचा फासा.

बटण दिसतं भरघोस, तळहातावर घ्यावं तर हलकं. 15 मिलिमीटरचा भरीव गोळा 14 कॅरट सोन्यात केला तर सुमारे 23 ग्रॅम भरेल. तेवढ्याच आकाराचं पोकळ तारकाम त्याच्या लहानशा हिश्श्यात होतं, कारण 0.3 मिलिमीटर जाडीची तार एका ग्रॅममधून मीटरभर निघते.

ती निघते कशी? पोलादी पट्टीत उतरत्या मापाची भोकं असतात, त्यांतून तार एकापाठोपाठ एक ओढतात. सोन्यातल्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून ती तुटत नाही, लांबते. पण प्रत्येक ओढीत स्फटिकांमधले दोष एकमेकांत गुंततात आणि तार कडक होत जाते. मग ती मंद लाल होईपर्यंत तापवायची. आत नवे स्फटिक तयार होतात आणि ती पुन्हा मऊ पडते. अशा बारीक दोन तारा एकत्र पिळून चपट्या केल्या की कडेला नाण्यासारखे दाते येतात. भिंगाखाली जी चमचम दिसते ती या दात्यांची. प्रकाशाला परतायला शेकडो छोटे उतार मिळतात.

रवे करण्याची युक्ती मला तारेहूनही आवडते. सोन्याचे तुकडे कोळशाच्या भुकटीत दूरदूर ठेवून तापवतात. वितळताच पृष्ठताण त्यांचे गोळे करतो. लहान थेंब जवळजवळ अचूक गोल होतो, मोठा स्वतःच्या वजनानं जरा बसतो. सोनार काही वळत नाही, नुसता योग्य वेळी थांबतो.

जोडणी हे जोखमीचं काम. तार जितकी बारीक तितकं वस्तुमानाच्या मानानं पृष्ठफळ जास्त, म्हणजे ती झटकन तापते आणि झटकन वितळतेही. म्हणून आधी वितळणाऱ्या मिश्रधातूचा कीस टाकणखारात मिसळून भुरभुरवतात. टाकणखार वितळून तांब्यावरची काजळी, म्हणजे ऑक्साइड, विरघळवून घेतो; मग केशाकर्षणानं वितळलेला धातू सांध्यात आपोआप शिरतो. एक क्षण उशीर झाला तर जाळीचा गोळा.

14 कॅरट म्हणजे 58.5 टक्के सोनं, बाकी तांबं आणि चांदी. नेदरलँड्समध्ये 1853 पासून अशा लहान जिनसांवर ओकच्या पानाचा छाप उमटवत. पण जुने नग पाहिले तर रंग बावनकशी! एकोणिसाव्या शतकात युरोपातले सोनार तयार दागिना सोरा, मीठ आणि तुरटीच्या गरम मिश्रणात बुडवत. त्यात तयार होणारा क्लोरिन पृष्ठभागावरचं तांबं-चांदी खाऊन टाकतो. वर उरते ती जवळजवळ शुद्ध सोन्याची, मखमली पोताची अतिशय पातळ कातडी. फसवणूक म्हणा, पण मुलामा नव्हे. बाहेरून काहीच चढवलेलं नाही, फक्त काढलेलं आहे.

आता खडे. पोवळं म्हटलं की आपल्याला आधी मंगळ आठवतो. डच शेतकरणींचं पोवळं भूमध्य समुद्रातलं. तिथूनच ते रोमन काळापासून भारतातही येत होतं. भारतीयांना पोवळ्याचं तेवढंच अप्रूप आहे जेवढं रोमनांना मोत्यांचं, असं रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. ते मुळात कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचंच रसायन; लाली कॅरोटिनॉइड रंगद्रव्याची. कठीणपणा एक ते दहाच्या मोहस् मापावर साडेतीनच्या आसपास, आणि लिंबाचा रस लागला तरी चमक जाते. बोहेमियातलं, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातलं, पायरोप जातीचं गार्नेट साताच्या पुढे; त्याचा रक्तासारखा रंग क्रोमियम आणि लोहामुळे. हे गार्नेट इतकं गडद की जाड खडा काळा दिसतो. म्हणून जुने युरोपीय सोनार पाठ बंद कोंदण करून खाली चकचकीत धातूचा पातळ वर्ख घालत, म्हणजे आत गेलेला प्रकाश परत फिरे. आपल्या कुंदनकामातही खड्याखाली वर्ख असतोच, फक्त तिथे कडा शुद्ध सोन्यानं दाबून बंद करतात.

असा दागिना हाती आला तर साबणाच्या पाण्यात बुडवू नका. कडेनं पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो, आणि मग लाल खडा विझल्यासारखा दिसतो. पॉलिश तर अजिबात नको. मशिनच्या चाकाखाली ती शुद्ध सोन्याची कातडी काही सेकंदांत निघून जाते आणि रव्यांच्या माथ्यावर खालचं तांबूस 14 कॅरट डोकावू लागतं. खाचांमध्ये मात्र जुना पिवळा रंग तसाच राहतो. जुन्या वस्तू पारखणारे आधी तिथेच भिंग लावतात.