सत्तरी ओलांडलीय आणि विम्याचा हप्ता झेपत नाही? आधी वय वंदना कार्ड काढा

पॉलिसीच्या नूतनीकरणाची नोटीस आली की पेन्शनवर जगणाऱ्या घरात एकच चर्चा असते: यंदा भरायचा की सोडून द्यायचा? ठरवण्यापूर्वी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. त्याला हप्ता नाही.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेल्या या योजनेत ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे तलाठ्याकडे दाखल्यासाठी खेटे नाहीत. जुना मधुमेह, बीपी, हृदयविकार पहिल्या दिवसापासून धरले जातात. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. कुटुंबाला आयुष्मान भारतचं कार्ड आधीच असेल, तर ज्येष्ठांचे हे ५ लाख वेगळे. त्यात मुलासुनेचा वाटा नाही.

खासगी पॉलिसी किंवा कामगारांचा ईएसआय विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांची आयुष्मान योजना असेल, तर मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते.

कागद एकच लागतो, आधार. आणि घोडं तिथेच अडतं. वय आधारवरूनच धरतात. आमच्या आत्याचं वय घरच्या हिशेबाने त्र्याहत्तर, आधारवर अडुसष्ट! जन्मतारीख सहसा एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून पक्का पुरावा हातात घेऊनच आधार केंद्रावर जा. मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.

अर्ज आयुष्मान ॲपवर किंवा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या लाभार्थी पोर्टलवर करायचा. लाभार्थी म्हणून मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आत शिरायचं, सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीचा पर्याय निवडायचा, आधार क्रमांक द्यायचा, ई-केवायसी करायची, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची. मग फोटो, पत्ता, कुटुंबातल्यांची माहिती आणि इतर सरकारी योजनांबद्दलचं घोषणापत्र. मंजुरी मिळाली की कार्ड डाउनलोड होतं.

आधारवरची तारीख सुधारून आत्याला ई-केवायसीसाठी पुन्हा नेलं, तर जन्मभर भांडी घासून झिजलेला अंगठा यंत्राला कळेना. चार वेळा पुसून लावला, तरी नाही. शेवटी तिथल्या पोरीने चष्मा काढायला लावून त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि चेहऱ्यावरून ओळख पटवली. ओटीपी, बोटांचे ठसे, बुबुळ, चेहरा, यातलं काहीही चालतं. एकावर हटून बसू नका.

भरती होताना रुग्णालय योजनेच्या यादीतलं हवं. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, कार्ड आणि आधार दाखवायचं. शंका असेल तर १४५५५ वर फोन करा. रोजच्या गोळ्या, ओपीडीची तपासणी यात बसत नाही. म्हणूनच खासगी पॉलिसी लगेच सोडू नका. तुम्ही एरवी ज्या रुग्णालयात जाल ते यादीत आहे का, हे आधी बघा. पॉलिसी ठेवलीच, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा दिलासा.

घरात सत्तरीच्या आतली दिव्यांग व्यक्ती असेल, तर महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. त्यात आता रेशनकार्डाचा रंग आड येत नाही. पिवळं, केशरी, पांढरं, सगळ्यांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. हेल्पलाइन १५५३८८.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर अशा व्यक्तींसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजनाही घ्या. विमा १ लाखाचाच, पण तो ओपीडी आणि थेरपीलाही चालतो, आणि या घरांचा खरा खर्च तोच असतो. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. अर्ज न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थेमार्फत होतो; दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागतं. यात पैसे आधी खिशातून जातात, मग परत मिळतात. तेव्हा थेरपीची मूळ बिलं एका पिशवीत ठेवा, आणि दर वर्षी नूतनीकरण करायला विसरू नका.