भाजल्यानंतरची प्लास्टिक सर्जरी दीनदयाळ कार्डावर: गोव्यात कोण पात्र, कागद कुठले, फाइल कशी करायची

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की आपल्याकडे लोकांना नाक सरळ करणं नाहीतर केस लावणं एवढंच आठवतं, आणि मग घरातल्या भाजलेल्या माणसाला कोणी सांगतं की हे स्कीममध्ये बसत नाही, ते तुम्हाला परवडणार नाही, सोडून द्या. हे चुकीचं आहे. नुसतं दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन योजनेत धरत नाहीत हे खरं, पण काजूच्या भट्टीवर भाजून मूठ उघडतच नाही, मान छातीला चिकटलीय, पापणी मिटत नाही म्हणून डोळा लाल राहतो, असल्या केसेस म्हणजे रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी (बिघडलेला अवयव परत कामाचा करणारं ऑपरेशन), आणि त्यासाठीच हा सगळा अर्जाचा खटाटोप करायचा असतो. फाइल पास होते की अडते ते बऱ्याचदा एकाच गोष्टीवर ठरतं, त्या अवयवाचं कुठलं काम बंद पडलंय ते कागदावर नीट आलंय की नाही. बाकी आधार, झेरॉक्स, फोटो वगैरे कोणीही गोळा करतो.

आधी पात्रता. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, म्हणजे गोवा सरकारची कॅशलेस उपचारांची योजना, 2016 ला सुरू झाली. गोव्यात किमान 5 वर्षं राहणाऱ्या कुटुंबाला कार्ड मिळतं आणि त्यात उत्पन्नाची अट नाही, म्हणजे मागं बागायत आहे, दारात गाडी आहे म्हणून कार्ड नाकारतील अशी भीती नको. घरात 3 किंवा कमी माणसं असतील तर वर्षाला अडीच लाखांपर्यंत आणि 4 किंवा जास्त असतील तर 4 लाखांपर्यंत कॅशलेस. हे कुटुंबाचं मिळून आहे हां, माणशी नाही. सरकारी नोकरीत ज्यांना खात्याकडून वैद्यकीय खर्च मिळतो ते यात येत नाहीत, त्यांनी आपल्या ऑफिसच्या मेडिकलच्या वाटेनं जायचं. कंपनीत असाल आणि पगार महिना 21 हजारांच्या आत असेल तर तुमचा ईएसआय (कामगार विमा) कापला जात असणार, तेव्हा कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यात मशीनमध्ये बोटं सापडली तर आधी ईएसआयकडे जा आणि कंपनीकडून अपघाताचा रिपोर्ट लगेच भरून घ्या, सुपरवायझर "बघूया उद्या" म्हणाला तरी उठू नका.

कार्डासाठी घरातल्या सगळ्यांचं आधार, रेशनकार्ड, फोटो आणि राहण्याचा पुरावा लागतो. रहिवासी दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो, गोवा ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज टाकता येतो. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते नावाच्या स्पेलिंगवर. आधारवर एक, रेशनवर दुसरं, लग्नानंतरचं तिसरंच. पेशंट वॉर्डात असताना ही दुरुस्ती करत बसणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच एकदा सगळे कागद शेजारी ठेवून वाचा. कार्ड आहे पण मुदत संपलीय असंही खूप घरांत असतं, तारीख बघा आणि रिन्यू करा. नवीन बाळ, नवीन सून यांची नावं आपोआप चढत नाहीत.

आता हॉस्पिटल. पेडणे-बार्देशवाले आधी म्हापशाला आझिलोत जातात, दक्षिणेकडचे मडगावला हॉस्पिसियोत, सत्तरी-डिचोलीचे आपल्या हेल्थ सेंटरला, पण प्लास्टिक सर्जरीचा विभाग बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहे, म्हणजे शेवटी तिथेच यायचं. खालच्या हॉस्पिटलातून रेफर चिठ्ठी घेऊनच या. सोबत भाजलं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड आणा, कारण भाजलेल्या केसची बहुतेक वेळा पोलिसांकडे नोंद होते आणि तो एमएलसी नंबर त्याच कार्डावर असतो. ते हरवलं असेल तर जिथे अ‍ॅडमिट केलं होतं तिथल्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये अर्ज देऊन कॉपी काढा. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. आणि बिडी-सिगरेट ओढणाऱ्याने ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी बंद करायची, हे डॉक्टर रागावतात म्हणून नाही, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी काळी पडून जाते.

ओपीडीत डॉक्टर तपासतील तेव्हा लाजू नका आणि "तसा बरा आहे" असंही म्हणू नका, आपल्या लोकांना ही सवयच आहे. घास तोंडापर्यंत जात नाही, शर्टाची बटणं लागत नाहीत, मान वळत नाही म्हणून स्कूटर चालवता येत नाही, हे सगळं बोलून दाखवा, म्हणजे ते केसपेपरवर येतं. सांधा किती अंशापर्यंत हलतो हे मोजून लिहितात, ती नोंद आहे का ते बघा. फोटो दोन तऱ्हेचे काढतात, एक तसाच आणि एक जिथे हात उघडायचा प्रयत्न करूनही उघडत नाही तो. मंजुरीची फाइल हॉस्पिटल ऑपरेशनच्या आधी योजनेकडे पाठवतं, पेशंटने स्वतः कुठे पाठवायची नसते, पण फाइल बघणारा माणूस तुम्हाला बघत नाही, त्याच्यापुढे फक्त हे कागद आणि हे फोटो असतात. नुसतं "भाजल्याचा व्रण" एवढंच गेलं तर त्याला ते दिसण्यासाठीचं काम वाटू शकतं.

ऑपरेशन कुठलं ते समजून घ्या, कारण कागद आणि वेळ दोन्ही त्यावर बदलतात. साधा ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून कातडीचा पातळ थर काढून जखमेवर लावतात, जखम मोठी असेल तर त्याला बारीक चिरा पाडून जाळीसारखा ताणतात. मांडी साधारण दोन आठवड्यांत भरून येते, दुखते मात्र भरपूर, पुष्कळ पेशंट मूळ जखमेपेक्षा मांडीचीच तक्रार जास्त करतात. पातळ ग्राफ्ट नंतर आकसतो, म्हणून बोटं, पापणी अशा ठिकाणी पूर्ण जाडीचा ग्राफ्ट लावतात, तो जांघेतून किंवा कानामागून काढतात. आखडलेला पट्टा अरुंद असेल तर झेड-प्लास्टी, त्यात दोन त्रिकोण कापून एकमेकांच्या जागी बसवतात आणि 60 अंशांचा कोन धरला तर लांबी हिशेबाने 75 टक्क्यांपर्यंत वाढते, बाहेरून कातडी आणावीच लागत नाही.

पण उघड्या हाडावर किंवा शिरेवर (टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर) ग्राफ्ट धरत नाही कारण खालून रक्त मिळत नाही, तिथे फ्लॅप लागतो, म्हणजे कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट हलवायची. हाताला जांघेचा फ्लॅप लावला तर हात साधारण 3 आठवडे जांघेला जोडलेलाच राहतो आणि मग दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सोडवतात. इथे एक प्रश्न विचाराच: दोन्ही टप्पे एकाच मंजुरीत आहेत की दुसऱ्याची वेगळी फाइल? नाहीतर मधेच कार्डाची मुदत किंवा वर्षाची रक्कम संपली की पंचाईत. फ्री फ्लॅपमध्ये, म्हणजे कातडी पूर्ण सुटी करून दुसरीकडे जोडतात त्यात, तर एकदोन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली शिवतात आणि नंतर सुरुवातीला तासातासाला फ्लॅपचा रंग बघतात, म्हणजे सोबत राहणारं माणूस दिवसरात्र पाहिजे, घरी तशी सोय करून ठेवा.

टिश्यू इंजिनिअरिंगचं हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फार येतं, लॅबमध्ये कातडी वाढवतात म्हणून. खरं आहे, आणि नवीनही नाही, 1975 मध्ये राइनवॉल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी लॅबमध्ये वाढवायची पद्धत दाखवली. टपाल तिकिटाएवढा तुकडा घेऊन दोनतीन आठवड्यांत त्याचे पातळ पापुद्रे तयार करतात, पण ते नाजूक असतात, सहज निघून येतात, आणि अंगावर कातडी घ्यायला जागाच उरली नाही अशा पेशंटला त्यांचा खरा उपयोग. दुसरा प्रकार म्हणजे कृत्रिम आतला थर, बैलाच्या कोलॅजनपासून बनवलेला, वरून सिलिकॉनचा पडदा. तो जखमेवर लावला की दोनतीन आठवड्यांत त्यात आपल्या रक्तवाहिन्या शिरतात, मग पडदा काढून वर अगदी पातळ ग्राफ्ट. हा माल महाग असतो. डॉक्टरांनी सुचवला तर तो पॅकेजच्या (योजनेने त्या ऑपरेशनला ठरवलेल्या) रकमेत येतो की बाहेरून आणायचा, हे मंजुरीच्या आधी योजनेच्या हेल्प डेस्कवर विचारून लेखी घ्या. तोंडी "होईल होईल" वर अवलंबून राहू नका. आणि साध्या ग्राफ्टने काम होणार असेल तर महागड्याचा हट्ट मुळीच धरू नका.

रस्त्यावरच्या अपघाताचं वेगळं. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून 7 दिवस दीड लाखांपर्यंत, पोलिसांकडे नोंद मात्र पाहिजे. नडगीचं हाड उघडं पडलं असेल तर फ्लॅप जितक्या लवकर तितका चांगला, म्हणून दीनदयाळचं कार्डही घरच्यांनी पहिल्याच दिवशी घेऊन जावं, 7 दिवस संपायची वाट बघू नये. बाळाचा ओठ किंवा टाळू जन्मतः फाटलेला असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत उपचार मोफत, हेल्थ सेंटरवर जन्मदाखला आणि आईचं आधार घेऊन नोंद करा. ओठ साधारण 3 ते 6 महिन्यांत, टाळू 9 ते 18 महिन्यांत करतात.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशन नोट्सची कॉपी आणि नंतरचे फोटो मागून घ्या. प्रेशर गारमेंट (व्रण दाबून ठेवणारा घट्ट कपडा) दिवसाला 23 तास, अंघोळीपुरता काढायचा, असं कित्येक महिने घालावं लागतं आणि मे महिन्यात आपल्याकडच्या घामात ते भयंकर वाटतं, तरी सोडलात तर कातडी परत आखडते आणि हीच फाइल परत करायची पाळी येते. सगळे उपचार होऊनही अवयव कमजोर राहिला तर यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर दिव्यांगत्वाचा अर्ज टाका. 40 टक्के किंवा जास्त आलं तर पुढच्या सवलती मिळतात, आणि टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर पुन्हा तेच विचारतात, हात काय काय करू शकत नाही, म्हणून फिजिओथेरपीचे कागदही त्याच पिशवीत ठेवा.