पीटी-आयएनआरचे सॅम्पल परत का येते?

आमच्याकडे रक्ततपासणी पाठवणाऱ्या नर्सिंग होम व दवाखान्यांसाठी

“सॅम्पल सकाळी आठला पाठवले, मग रिपोर्ट दुपारी का?” हा प्रश्न पीटी-आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासणीच्या, बाबतीत आम्हांला जवळजवळ रोज विचारला जातो. ही तपासणी यंत्रावर काही मिनिटांत होते; वेळ जातो तो सॅम्पल परत जाऊन नव्याने येण्यात, आणि बहुतेक वेळा त्याचे कारण एकच असते : सायट्रेट बल्ब (रक्त गोठू न देणारे सायट्रेट असलेली नळी) खुणेपर्यंत भरलेला नसतो.

निळ्या झाकणाच्या या बल्बमध्ये ०.३ मि.लि. सायट्रेट आधीच असते आणि त्यात बरोबर २.७ मि.लि. रक्त जावे लागते, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त पातळ राहते; तपासणीच्या वेळी ठरावीक कॅल्शियम घालून ते गोठवले जाते आणि गोठायला लागलेला वेळ मोजला जातो. रक्त कमी पडले, तर जास्तीचे सायट्रेट हे नवे कॅल्शियमही बांधते, वेळ लांबतो आणि आयएनआर प्रत्यक्षात जास्त नसतानाही जास्त दिसतो. अशा आकड्यावरून वॉरफॅरिनचा डोस कमी केला गेला, तर ज्या गुठळीच्या भीतीने औषध चालू आहे, तीच होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच “शेरा मारून रिपोर्ट द्या” ही विनंती आम्ही मान्य करत नाही.

चूक नेमकी कुठे होते, हे आम्ही वॉर्डात उभे राहून पाहिले आहे. सिस्टर सिरिंजने पाच मि.लि. रक्त काढतात, दुसऱ्या तपासण्यांचे ईडीटीए आणि प्लेन बल्ब आधी भरतात आणि सायट्रेटच्या वाट्याला उरलेसुरले येते. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी असलेल्या एका आजोबांना याच कारणाने दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली आणि त्या दिवसाची ओटीची सगळी यादी पुढे सरकली.

तेव्हा सायट्रेट आधी भरावा, मग प्लेन, मग ईडीटीए आणि शेवटी फ्लोराइड. बल्ब तीन-चार वेळा हलकेच उलटा-सुलटा करावा, जोरात हलवू नये. रक्त कमी पडले, तरी ईडीटीए बल्बमधले त्यात ओतू नये, कारण ईडीटीएही कॅल्शियम बांधते. एपीटीटीही (रक्त गोठण्याचीच दुसरी तपासणी) हवी असेल, तर रक्त काढल्याची वेळ लेबलवर अवश्य लिहावी. ते सॅम्पल चार तासांच्या आत तपासून व्हावे लागते. हिमोग्लोबिन फार चढलेल्या रुग्णासाठी सायट्रेटचे प्रमाण बदलावे लागते, म्हणून रक्त काढण्यापूर्वी आम्हांला फोन करावा.

खुणेचे सायट्रेट बल्ब आम्ही आमच्या ग्राहकांना विनामूल्य देतो. मुदत संपलेले असतील, तर सॅम्पल न्यायला येणाऱ्या मुलाकडे द्यावेत, तो बदलून देईल. नव्या सिस्टर रुजू झाल्या असतील, तर आमचे टेक्निशियन ड्यूटी बदलण्याच्या वेळी येऊन अर्ध्या तासात सर्व दाखवून जातील. ट्रेवर चिकटवण्याचे क्रमाचे कार्ड बल्बांच्या पुढच्या खोक्यासोबत येईल.