पेडल थरथरलं तरी पाय काढू नका

जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थडथडायला लागतं, बॉनेटच्या आतून घरघर ऐकू येते आणि ब्रेक गेले असं वाटून अनेकजण पाय उचलतात. खरं तर त्याच क्षणी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लागला तरी चाकं फिरती ठेवणारी यंत्रणा, कामाला लागलेलं असतं. पाय उचलला, तर तेच थांबतं.

चाक करकचून आवळलं की गाडी लवकर थांबते, हा समज चुकीचा आहे. गाडीला थांबवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण, आणि ते चाक थोडं सावकाश फिरत असतानाच सर्वांत जास्त मिळतं. समजा गाडीचा वेग ताशी 60 किलोमीटर आहे आणि चाक 51 च्या हिशेबाने फिरतंय; म्हणजे घसरण 15 टक्के. कोरड्या डांबरावर साधारण 10 ते 20 टक्के घसरणीला पकड कमाल असते. रबर रस्त्याला धरून ताणलं जातं, पण सुटत नाही. त्यापुढे ते सुटून सरकू लागतं, पकड घटते, घटल्यामुळे चाक आणखी मंदावतं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून नुसतं सरकत राहतं.

लॉक झालेल्या चाकाचं तोंड कुठेही वळवा, गाडी सरळच जाते. कारण सरकणाऱ्या टायरवरचं घर्षण तो जिकडे सरकतोय त्याच्या उलट दिशेलाच लागतं. वळण्यासाठी आडवं बळ हवं आणि ते फिरतं चाकच देऊ शकतं. एबीएसची खरी कमाई मला इथे दिसते.

चाकापाशी दातेरी कडं आणि सेन्सर असतो. चाकाचा वेग अशक्य वाटावा इतक्या झपाट्याने पडला की संगणक एक झडप बंद करून पायाचा वाढता दाब अडवतो. तेवढ्याने भागलं नाही तर दुसरी झडप उघडून ब्रेकमधलं थोडं तेल बाहेर सोडतो. चाकाने वेग घेतला की पुन्हा दाब. हे सेकंदात अनेकदा घडतं. सोडलेलं तेल पंप परत मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या नळकांड्याकडे, ढकलतो. पायाला जाणवतात ते हेच धक्के. 1978 मध्ये बॉशची अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली.

पण एबीएस असलं की गाडी जागच्या जागी थांबते, हा दावा खोटा आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, एबीएस असो वा नसो. सुट्या खडीवर तर ते एबीएसमुळे वाढूही शकतं, कारण लॉक झालेलं चाक स्वतःपुढे खडीचा ढीग साठवतं आणि त्यालाच अडतं. स्टिअरिंग मात्र तिथेही एबीएसमुळेच हातात राहतं.