ऐंशीच्या आत, चाळीस टनांच्या आत: भारतातल्या प्रादेशिक विमान कंपन्यांचे ताफे असे का?

पॅरामाउंट एअरवेजने 2005 मध्ये दक्षिण भारतात एम्ब्रेअर 170 आणि 175 ही छोटी जेट विमानं आणली. 175 मध्ये दाटीवाटीने 88 आसनं बसतात, पण पॅरामाउंटने आकडा ऐंशीच्या खाली ठेवला. स्पाइसजेटने 2011 पासून घेतलेल्या क्यू-400 विमानांत 78 आसनं होती. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर आज तेच एम्ब्रेअर 175 वापरते आणि त्यात 76 आसनं आहेत. इंडिगोच्या एटीआर 72-600 मध्येही 78 आहेत, पण एटीआरमध्ये त्याहून जास्त मावतच नाहीत, त्यामुळे तो दाखला धरायला नको.

हा आकडा आला कुठून? विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर 80 पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना 2004 पासून उतरण्याचं शुल्क माफ झालं. दुसरी सवलत इंधनाची, आणि ती जास्त मोलाची. विमानाचं इंधन, म्हणजे एटीएफ, जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्यं मूल्यवर्धित कर लावतात आणि तो अनेक ठिकाणी 25 टक्क्यांच्या घरात राहिला आहे. पण 40,000 किलोंपेक्षा कमी उड्डाण-वजनाच्या विमानाला नियमित सेवेसाठी विकलेलं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यात 'घोषित माल' ठरलं, आणि तिथे राज्यांचा हात चार-पाच टक्क्यांवर अडला. ज्या धंद्यात इंधन हाच सर्वांत मोठा खर्च, तिथे हा फरक नफा-तोट्याची बाजू बदलतो. पॅरामाउंटला जेट परवडली ती याच हिशेबावर. इथला ताफा ठरवताना मार्ग किती लांब आणि प्रवासी किती, हे प्रश्न दुसरे. पहिला प्रश्न नियमाची रेघ कुठे आहे हा.

ही काही फक्त आपल्याकडची तऱ्हा नाही. अमेरिकेत बड्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांचे करार आहेत. त्यांनुसार प्रादेशिक कंपनीच्या विमानात 76 पेक्षा जास्त आसनं चालत नाहीत आणि वजन 86,000 पौंडांच्या, म्हणजे साधारण 39 टनांच्या आत लागतं. म्हणून एम्ब्रेअर 175 तिथे शेकड्यांच्या हिशेबात उडतं, पण त्याचीच नवी, कमी इंधन पिणारी ई-2 आवृत्ती जड भरल्यामुळे एकाही कंपनीच्या सेवेत आलेली नाही. करारात 50 आसनांचीही एक पायरी आहे. तिच्यासाठी बंबार्डिअरने सत्तर आसनांच्या सीआरजे-700 मधली वीसेक आसनं काढून सीआरजे-550 बाजारात आणलं. नॉर्वेत रेघ धावपट्टीची. तिथल्या विडेरो या विमान कंपनीच्या जाळ्यातल्या कित्येक धावपट्ट्या जेमतेम 800 मीटरच्या. तिथे 39 आसनी डॅश-8 चालतं, त्याचं उत्पादन केव्हाच थांबलं आहे आणि तितक्याच आखूड पट्टीवर उतरणारं त्या मापाचं नवं विमान कुणी बनवत नाही.

आपल्याकडे मात्र सुरुवात नियमातून नाही, सरकारी कारखान्यातून झाली. 1953 मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. तिने डाकोटा चालवली, साठच्या दशकात फोकर एफ-27 घेतली आणि पुढे कानपूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये परवान्यावर जोडलेली एचएस-748. छोट्या गावांची सेवा वेगळी काढायची म्हणून 1981 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून वायुदूत काढली, ती ईशान्येसाठी. ताफ्यात हीच जुनी फोकर आणि 748, आणि पुन्हा कानपूरमध्येच परवान्यावर बनलेली डॉर्निअर 228.

डॉर्निअर हे 19 आसनी यंत्र. 19 हीसुद्धा एक रेघच: विसाव्या आसनापासून केबिन कर्मचारी लागतो, एक्कावन्नाव्यापासून दुसरा. स्टार एअरच्या पहिल्या एम्ब्रेअर 145 मध्ये बरोबर 50 आसनं आहेत, हे त्या संदर्भात पाहावं. डॉर्निअरचं धड मात्र दाबनियंत्रित नाही, आत हवेचा दाब राखला जात नाही. म्हणजे प्रवासी घेऊन साधारण 10,000 फुटांच्या वर राहता येत नाही, आणि पावसाळ्यात नेमके त्याच उंचीवर ढगांचे थर असतात. मोठं विमान ज्यांच्या वरून किंवा वळसा घालून जातं, ते छोट्याला अंगावर घ्यावे लागतात. 23 सप्टेंबर 1989 रोजी वायुदूतचं पुणे-हैदराबाद डॉर्निअर उजनीच्या जलाशयात कोसळलं आणि विमानातले सर्व 11 जण गेले. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात गुवाहाटीला वायुदूतचंच फोकर पडलं होतं, त्यात 34 जण दगावले. ईशान्येसाठी काढलेली सेवा तोवर खासदारांच्या मागणीप्रमाणे देशभर पसरली होती, तोटा आवरत नव्हता, आणि 1993 मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये मिसळण्याचा निर्णय झाला.

1994 मध्ये खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा सरकारने मार्ग-वाटपाचं सूत्र घातलं: मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर जितकी क्षमता चालवाल, तिच्या ठरावीक टक्के क्षमता ईशान्य, काश्मीर, बेटं आणि दुय्यम मार्गांवर द्यायची. कंपन्यांनी त्यातला सर्वांत कमी तोट्याचा मार्ग शोधला, तो म्हणजे टर्बोप्रॉप, पंख्याच्या जोरावर उडणारं विमान. जेट एअरवेजने 1999 च्या सुमारास एटीआर 72-500 आणली. 2003 मध्ये गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने 48 आसनी एटीआर 42 वर हुबळीसारखी गावं धरली. त्यानंतर भारतात प्रादेशिक विमान म्हणजे एटीआर, हे समीकरण पक्कं झालं.

का, हे यंत्रातच दिसतं. एटीआर 72-600 चं सर्वाधिक उड्डाण-वजन 23 टन, समुद्रसपाटीला आणि बेताच्या तापमानाला साधारण 1,300 मीटर पट्टी पुरते, वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. मुंबई-जळगाव एवढ्या अंतरात जेट फार तर दहा-पंधरा मिनिटं वाचवतं. मागचा दरवाजा जमिनीपासून इतका खाली आहे की विमानाची स्वतःची शिडी उघडली की काम झालं. शिडीचा ट्रक लागत नाही. शेपटीत वेगळं सहाय्यक इंजिनही नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाला पंख्याचा ब्रेक असतो. तो लावला की पंखा थांबतो, पण इंजिन चालू राहतं आणि वीज व वातानुकूलनाची हवा मिळते. याला 'हॉटेल मोड' म्हणतात. ना जमिनीवरचा जनरेटर लागतो, ना एअर-स्टार्टची गाडी. मात्र मागून जोराचा वारा असेल तर हॉटेल मोड वापरता येत नाही, मग जनरेटर हवाच, आणि एका छोट्या विमानतळावर तो एकच असून बंद पडलेला असेल तर आत प्रवासी घामाघूम होतात.

अग्निशमनाचा हिशेबही एटीआरच्या बाजूने जातो. विमानतळाची अग्निशमन श्रेणी आसनांवर नव्हे, विमानाच्या लांबी-रुंदीवर ठरते. 72-600 ची लांबी 27.17 मीटर, म्हणजे श्रेणी 5. एम्ब्रेअर 145 मध्ये त्याहून 28 आसनं कमी असली तरी लांबी 29.87 मीटर, म्हणजे श्रेणी 6, जी ए-320 ला लागते तीच. वर्दळ कमी असेल तर एक पायरी खाली चालते, पण दिवसाला दोन उड्डाणांसाठी बंब आणि माणसं ठेवणाऱ्या राज्य सरकारला ही पायरी जाणवते.

इंधनाचं गणित वैमानिकांपर्यंत कसं पोचतं तेही पाहा. ज्या गावी कर कमी, तिथे परतीचं इंधनही भरून घ्यायचं ही सगळीकडचीच रीत. पण 72-600 चं उतरण्याचं सर्वाधिक वजन 22,350 किलो, उड्डाण-वजनापेक्षा फक्त 650 किलो कमी. तासाला जळतं तेही साधारण तितकंच. म्हणजे पूर्ण वजनाने निघून पाऊण तासात पोचलं, तर उतरताना वजन हद्दीबाहेर जाऊ शकतं. त्यामुळे भरल्या विमानात जादा इंधनाला जागा थोडी, आणि उन्हाळ्यात आखूड पट्टीवरून तर तीही नाही. तापलेल्या हवेत इंजिनाचा जोर आणि पंखाची उचल दोन्ही कमी पडतात, मग आधी इंधन, नंतर सामान आणि शेवटी प्रवासी उतरवावे लागतात. शिमल्याची पट्टी 1,546 मीटर उंचीवर आणि जेमतेम 1,200 मीटरची; तिथून निघताना 48 आसनी एटीआर 42 निम्म्याहून जास्त रिकामं ठेवावं लागायचं.

27 एप्रिल 2017 रोजी 'उडान' योजनेचं पहिलं उड्डाण मात्र शिमल्याहूनच झालं. त्याच दिवशी ट्रूजेटचं नांदेड-हैदराबादही सुरू झालं. योजनेची घडी तेव्हा अशी होती: तासाभराच्या, साधारण 500 किलोमीटरच्या प्रवासाला 2,500 रुपये भाडं, विमानातली निम्मी आसनं, पण कमीत कमी 9 आणि जास्तीत जास्त 40, या दराने. तोट्याची भरपाई तीन वर्षं, तेवढाच काळ मार्गावर मक्तेदारी. भरपाईचे 80 टक्के मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून जमवलेल्या निधीतून, 20 टक्के राज्याकडून. उडानच्या विमानतळावर इंधनावरचा राज्याचा कर एक टक्का. महाराष्ट्राने केंद्राशी यासाठी सर्वांत आधी करार केला.

पहिल्या फेरीत 128 मार्ग वाटले गेले. त्यातले 84 एअर ओडिशा आणि नव्या रूपातल्या एअर डेक्कन या दोनच कंपन्यांनी उचलले, तेही 19 आसनी बीचक्राफ्ट 1900 डी सारख्या विमानांच्या भरवशावर. 23 डिसेंबर 2017 ला मुंबई-जळगाव आणि मुंबई-नाशिक सुरू झालं. पण 19 आसनी विमान मुंबईच्या धावपट्टीवर 180 आसनी ए-320 एवढाच स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, खातं, त्यामुळे सोयीची वेळ मिळणं अवघड. जळगावच्या व्यापाऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असतं; भर दुपारचं विमान त्याच्या काय कामाचं? छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसेल तर सूर्यास्तानंतर काही करता येत नाही. उपकरणांच्या आधाराने उतरण्याची व्यवस्था नसेल तर पाच किलोमीटर दृश्यमानता लागते, आणि पावसाळ्यात ती आठवडा-आठवडा मिळत नाही. उड्डाण रद्द झालं की त्या दिवसाची भरपाई बुडते, विमानाचं भाडं मात्र चालूच.

बहुतेक छोट्या कंपन्या इथेच बुडाल्या, प्रवाशांअभावी नव्हे. तीन विमानांच्या कंपनीत एक मोठ्या तपासणीला गेलं आणि दुसऱ्याचा सुटा भाग सीमाशुल्कात अडकला, की उरलेल्या एकावर सगळं वेळापत्रक. ते विमान दिवसाला सहा-आठ फेऱ्या मारतं, म्हणजे टायर, ब्रेक आणि लँडिंग गिअर मोठ्या विमानाच्या दुप्पट वेगाने झिजतात. एटीआरच्या पंख्याचं एक पातं तेवढं बदलता येतं, ही मोठीच सोय; पण इंजिन उतरवावं लागलं तर बदली इंजिन भाड्याने मिळेपर्यंत विमान उभं. ट्रूजेट फेब्रुवारी 2022 मध्ये थांबली. मुंबई-कोल्हापूर आणि मुंबई-जळगाव पुढे तिनेच चालवलं होतं. गोंदियाला मार्च 2022 मध्ये आलेली फ्लायबिगची एटीआर काही महिन्यांतच गेली. महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालातले आकडे बोलके आहेत: तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 सुरूच झाले नाहीत, सुरू झालेल्या 371 पैकी 112 नी तीन वर्षं पुरी केली, आणि त्यानंतरही मार्च 2023 पर्यंत टिकले फक्त 54. सिंधुदुर्गची चिपी-मुंबई सेवा 9 ऑक्टोबर 2021 ला अलायन्स एअरच्या एटीआरने सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत भरताच बंद पडली.

कंपनी मेली तरी विमान मरत नाही. किंगफिशरने 2007 मध्ये नवं घेतलेलं एक एटीआर 72-500 आधी थायलंडला आणि नंतर नेपाळच्या यती एअरलाइन्सकडे गेलं. 15 जानेवारी 2023 ला पोखरात 72 जणांसह कोसळलं ते हेच. दोष विमानाचा नव्हता: उतरताना फ्लॅपऐवजी शेजारच्या दोन्ही इंजिनांच्या कंडिशन लिव्हर, म्हणजे पंख्याच्या पात्यांवर ताबा ठेवणारे दांडे, ओढल्या गेल्या आणि पंख्यांचा जोर नाहीसा झाला.

सध्या महाराष्ट्र-गोव्यात तीन वेगवेगळे हिशेब शेजारीशेजारी चालू आहेत. गोव्यातल्या मोपाहून मार्च 2024 मध्ये सुरू झालेली फ्लाय-91 फक्त एटीआर 72-600 ठेवते, ज्यावर सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर आणि अगत्ती अशी ठिकाणं बसतात. एकच प्रकार म्हणजे वैमानिक, सुटे भाग आणि तंत्रज्ञ एकाच जातीचे. स्टार एअर जेटवर, पण 145 चं उत्पादन थांबलेलं असल्याने तिचा वाढता भार 175 वर. आणि इंडिगो चाळीसहून जास्त एटीआर बाळगते, म्हणून तिचं एखादं विमान उभं राहिलं तरी दुसरं लावता येतं. कानपूरचं डॉर्निअरही परतलं आहे: एप्रिल 2022 पासून अलायन्स एअर ते अरुणाचलात पासीघाटला चालवते. आसनं सतराच, त्यामुळे ते केबिन कर्मचाऱ्याच्या रेघेच्या अजून खालीच आहे.