बूट वॉटरप्रूफ आहे, पण गरम आहे का?

डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या सामानात एक बूट हमखास असतो: पावसाळ्यात हरिश्चंद्रगडासाठी घेतलेला, वर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेला. पाणी शिरत नाही म्हणजे थंडीही शिरणार नाही, असा हिशेब. पायथ्याच्या सांकरी गावाच्या वर बर्फात अर्धा तास नुसतं उभं राहिलं की तो चुकतो. बूट कोरडा, मोजा कोरडा आणि बोटं बधिर.

पाणी अडवायला पातळ पडदा पुरतो, ऊब धरायला मात्र जाडी लागते. बुटाच्या अस्तरातला वॉटरप्रूफ पडदा कागदासारखा पातळ, तो कसली ऊब देणार? ऊब धरते ती जागच्या जागी अडकलेली हवा. लोकर, नमदा (म्हणजे दाबून घट्ट केलेली लोकर), फोम यांचं काम तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडण्याचं. पाण्यातून उष्णता अशा हवेच्या वीसेक पट सहज निसटते, म्हणून पाणी अडवायलाच हवं. पण ती झाली राखण. घरात मालच नसेल तर राखणदाराने काय राखायचं?

दोन टोकांचे दोन बूट बघा. रशियातले वालेन्की म्हणजे नुसती कुटून घट्ट केलेली लोकर. कोरड्या बर्फात त्यांच्यासारखं सुख नाही, पण बर्फ वितळायला लागलं की ते पाणी पितात. म्हणून तिथली माणसं त्यावर रबरी गलोश चढवतात. दुसरं टोक आपला गमबूट. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरून जाणारे चादर ट्रेकवाले तोच घालतात, कारण बर्फावर मध्येच घोटाभर पाणी लागतं. रबर पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, पण ऊबही देत नाही. म्हणून बूट एखाद-दोन नंबर मोठा घ्यायचा आणि ऊब मोज्यांनी आणायची. शिवाय रबर घामही बाहेर सोडत नाही. बाहेरून एक थेंब न शिरता संध्याकाळी मोजा ओलसर निघतो तो त्यामुळेच. झोपायचे मोजे वेगळे ठेवा आणि चालताना ते अजिबात घालू नका.

मोज्यांत आपण आणखी एक घोळ घालतो. नेहमीच्या मापाच्या बुटात दोन-तीन जोड कोंबले की हवा दाबली जाते, रक्तही नीट खेळत नाही आणि पाय आधीपेक्षा गार पडतात. बुटात बोटं हलवता येत नसतील तर एक जोड काढा. सुती मोजा तर घरीच ठेवा. तो घाम पिऊन चिंब होतो आणि पायाला चिकटतो. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही फुगीर राहते.

मग जुना बूट टाकून द्यायचा का? मुळीच नाही. सतत चालत असाल तर पाय स्वतःच ऊब तयार करतात. तेव्हा वॉटरप्रूफ बूट, एक चांगला लोकरी मोजा आणि वरून बर्फ शिरू नये म्हणून गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची कापडी आवरणं, एवढ्यावर भागतं. खरी परीक्षा थांबल्यावर: तंबूबाहेर गप्पा मारताना किंवा शिखराच्या वाटेवर पहाटेच्या अंधारात मागच्यांची वाट बघताना. तेव्हा थंडी तळव्यातून चढते. आत नमद्याचा जाड इनसोल घाला आणि उभं राहायचंच असेल तर पायाखाली मॅटचा तुकडा टाका. कानटोपी आणि जाकीटही चढवा, कारण अंग गारठलं की शरीर हातापायांकडचं रक्त आधी आखडतं.

दुकानात बूट गरम आहे का हे लेबलवरून ठरवू नका. बुटाची बाजू आणि जीभ चिमटीत धरून बघा. गादीसारखी जाडी लागली तर ऊब आहे, नुसतं कापड लागलं तर तो पावसाळी बूट आहे. अमेरिका-कॅनडात गेलेल्यांना तिकडे रबरी तळ आणि आत सुटं नमद्याचं अस्तर असलेले बूट मिळतात. वालेन्की आणि गलोशचाच तो संसार. फक्त रात्री अस्तर आठवणीने काढून वाळत घालायचं.